पीटर स्नेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (८०० मीटर, गवत, आणि ते आठवड्याचे १०० मैल)

आमच्या रनिंग ग्रुपमध्ये कोच आर्थर लिडियार्डचं नाव निघालं की पाठोपाठ त्याच्या चेल्याचं, पीटर स्नेलचं निघतंच, आणि मग तेच तेच प्रश्न. म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून टाकतोय. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळींत आटोपलीत, चालवून घ्या.

हा पीटर स्नेल नक्की कोण?

न्यूझीलंडचा ८०० आणि १५०० मीटरवाला. ऑलिंपिकची तीन गोल्ड: १९६० रोमला ८००, १९६४ टोकियोला ८०० आणि १५०० दोन्ही. शिवाय ८०० मीटर, ८८० यार्ड (अर्धा मैल), १००० मीटर आणि मैल यांचे वर्ल्ड रेकॉर्ड. आणि हे सगळं जेमतेम पाच वर्षांत. २१ व्या वर्षी जगाला माहीत झाला, २६ व्या वर्षी स्पाइक्स (पळण्याचे खिळ्यांचे बूट) टांगून मोकळा. न्यूझीलंडनं त्याला विसाव्या शतकातला आपला सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवलं. ज्या देशात रग्बी म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट, तिथे एका पळणाऱ्याला हा मान मिळाला यावरून काय ते समजा.

न्यूझीलंड लहान देश कसा काय? नकाशावर तर बराच मोठा दिसतो.

जमीन आहे, माणसं नाहीत. १९६० साली अख्ख्या देशाची लोकसंख्या २४ लाखांच्या आसपास होती. १९६१ च्या जनगणनेत बृहन्मुंबई ४१ लाखांवर होती, म्हणजे आपल्या एका शहरात त्यांच्या पूर्ण देशापेक्षा कितीतरी जास्त माणसं. तेव्हा तिथे इनडोअर ट्रॅक नाही, आणि युरोपात रेस करायला जायचं तर जगाच्या दुसऱ्या टोकाला जायचं. ट्रॅक बहुतेक ठिकाणी गवताचे, तेही उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात रग्बी चालणाऱ्या मैदानावर चुना मारून आखलेले.

लहानपणापासूनच पळायचा का?

अजिबात नाही. जन्म १७ डिसेंबर १९३८, तारानाकी भागातलं ओपुनाके नावाचं समुद्रकाठचं छोटं गाव. नंतर घर 'ते अरोहा' नावाच्या गावी हललं, मग हायस्कूलला ऑकलंडच्या माउंट अल्बर्ट ग्रामरमध्ये. पोरगा सगळंच खेळायचा, रग्बी, क्रिकेट, हॉकी, आणि टेनिस तर चांगलंच. पळणं हा त्यातला एक प्रकार, जिंकायचाही, पण हेच करायचं असं काही डोक्यात नव्हतं. सिरियसली पळायला लागला ते १९ व्या वर्षी, लिडियार्डकडे गेल्यावर. तोपर्यंत बांधकामाचे खर्च-मोजमापाचे हिशोब करायचं काम शिकत होता, म्हणजे पूर्ण दिवस ऑफिस आणि पळणं आधी किंवा नंतर. अंगानंही आपण मिडल डिस्टन्सवाला म्हटल्यावर जो सडपातळ माणूस डोळ्यासमोर आणतो तसा नाही, चांगला दणकट, भरलेल्या मांड्यांचा गडी.

आर्थर लिडियार्ड कोण? मोठा प्रोफेशनल कोच होता का?

बुटांच्या कारखान्यात काम करणारा माणूस. डिग्री नाही, लॅब नाही. स्वतः पळायचा, मॅरेथॉनही केल्या, आणि किती पळलं की माणूस मोडतो आणि किती पळलं की सुधारतो हे वर्षानुवर्षं स्वतःवरच करून पाहिलं. त्याच्या आजूबाजूची, ऑकलंडच्या ओवायराका भागातली पोरं त्याच्याबरोबर पळायला लागली आणि त्याच पोरांतून रोम ऑलिंपिकला तीन मेडल आली: स्नेल, ५००० मीटरचा मरे हॉलबर्ग (रग्बी खेळताना झालेल्या दुखापतीनं डावा हात जवळपास निकामी झालेला), आणि मॅरेथॉनमध्ये ब्राँझवाला बॅरी मॅगी. देशभरातून निवडून आणलेला कॅम्प नव्हता हा, शहराच्या एका कोपऱ्यातली मंडळी होती. मला स्वतःला रेकॉर्डपेक्षा हीच गोष्ट जास्त भारी वाटते.

८०० मीटर पळणाऱ्या माणसाला आठवड्याला १०० मैल कशाला?

हा खरा प्रश्न. बाकी सगळं गूगलवर मिळेल.

आधी ऐका काय करायचे ते. सीझनच्या आधी काही महिने आठवड्याला १०० मैल, म्हणजे साधारण १६० किलोमीटर, रस्त्यावर. रविवारी वायाटारुआची फेरी, ऑकलंडच्या पश्चिमेला वायटाकेरे डोंगरात चढत जाणारा २२ मैलांचा रस्ता, ३५ किलोमीटर. स्नेल पहिल्यांदा गेला तेव्हा शेवटी अक्षरशः रडला होता. आणि हा माणूस दोन मिनिटांच्या आत संपणारी रेस पळणार होता!

त्या काळी जगभर ८००-१५०० वाले मुख्यतः इंटर्व्हल करायचे, म्हणजे थोडं अंतर जोरात, मग जरा दम घ्यायचा, परत जोरात, ट्रॅकवर ४०० गुणिले अमुक, २०० गुणिले तमुक. लिडियार्डचं म्हणणं उलटं. ८०० ची शेवटची १०० मीटर कोण जिंकतो? जो सर्वात फास्ट आहे तो नाही, जो त्या क्षणी सर्वात कमी दमलाय तो. स्नेलचा ४०० मीटरचा टाइम कधीच ४७ सेकंदांच्या आत आला नाही. त्याच रोम ऑलिंपिकमध्ये आपल्या मिल्खा सिंगनं ४०० मीटर ४५.६ मध्ये काढले होते. म्हणजे नुसत्या स्पीडवर गेलं तर मिल्खानं स्नेलला दहा-पंधरा मीटर मागे टाकलं असतं. पण दुसऱ्या फेरीत सगळ्यांचे पाय जड होतात तेव्हा स्नेलचे व्हायचे नाहीत, त्यामुळे जो काही स्पीड त्याच्याकडे होता तो पूर्णच्या पूर्ण शेवटी वापरायला शिल्लक असायचा.

पुढे स्नेल स्वतः शास्त्रज्ञ झाला तेव्हा त्यानं याचं कारणही मांडलं. लांब पळताना सुरुवातीला स्लो-ट्विच (हळू पण जास्त वेळ टिकणारे) स्नायूतंतू काम करतात, त्यांच्यातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं इंधन, संपत आलं की शरीर नाइलाजानं फास्ट-ट्विच तंतूंना कामाला लावतं, आणि एरवी फक्त जोरात पळताना वापरले जाणारे हे तंतूही मग हळूहळू टिकाऊ होतात. म्हणून त्या ३५ किलोमीटरमधला शेवटचा तासच कामाचा, आणि म्हणूनच तो रडवणारा.

म्हणजे फक्त हळूहळू लांब पळायचं, एवढंच?

नाही नाही नाही. लिडियार्डचं नाव घेऊन सर्वात जास्त घोळ इथेच होतो. पहिली गोष्ट, ते पळणं "हळूहळू" नव्हतं, गप्पा मारत केलेला जॉग नव्हता, दम न लागता पण चांगल्या वेगानं पळायचे. दुसरी, १०० मैल हा फक्त पाया. त्यानंतर चार-सहा आठवडे चढ, तेही नुसतं चढ पळणं नाही, गुडघे उंच उचलत उड्या मारत चढायचं. मग ट्रॅकवर इंटर्व्हल, मग छोट्या रेस, मग विश्रांती. सगळं मोठ्या रेसच्या तारखेपासून उलटं मोजत आखलेलं. लोक १०० चा आकडा उचलतात आणि क्रम सोडून देतात. क्रमच तर सगळं होता, कारण त्यामुळेच ही पोरं एरवी कुठेतरी हरायची आणि ऑलिंपिकच्या आठवड्यात बरोब्बर टॉपला असायची.

उदाहरण हवंय? डिसेंबर १९६१ मध्ये स्नेलनं चक्क पूर्ण मॅरेथॉन पळून काढली, २ तास ४१ मिनिटांत. आणि पुढच्याच महिन्यात मैलाचा वर्ल्ड रेकॉर्ड. आजचा कुठलाही ८०० वाल्याचा कोच हे वाचून पाणी मागेल.

रोमला नेमकं काय झालं?

स्नेल कुणाच्याच हिशोबात नव्हता. फेव्हरिट बेल्जियमचा रॉजर मोएन्स, ज्याच्या नावावर १:४५.७ चा वर्ल्ड रेकॉर्ड होता. एंट्री इतक्या आल्या होत्या की ८०० ला चार राउंड ठेवावे लागले, ३१ ऑगस्टला एकाच दिवशी दोन, १ सप्टेंबरला सेमी, २ सप्टेंबरला फायनल. तीन दिवसांत चार रेस. बाकीच्यांसाठी हा ताप, स्नेलसाठी लॉटरी, कारण दर राउंडनंतर इतर लोक थोडे थोडे झिजत गेले आणि हा तसाच राहिला.

फायनलच्या शेवटच्या सरळ पट्ट्यात मोएन्स पुढे. कोण येतंय बघायला तो उजवीकडे वळून वळून बघतोय, आणि त्या नादात आतल्या कडेपासून जरासा बाहेर सरकला. स्नेल आला डाव्या बाजूनं, आतून. मोएन्सला कळेपर्यंत उशीर झाला होता. स्नेल १:४६.३, मोएन्स १:४६.५. स्नेलला स्वतःलाच कळलं नव्हतं कोण जिंकलं, त्यानं मोएन्सलाच विचारलं, आणि मोएन्सनं सांगितलं की तूच. फोटो मिळाला तर नक्की बघा, स्नेलचे डोळे मिटलेले आणि मोएन्सचा चेहरा, त्याबद्दल काय लिहिणार.

आणि हे होऊन तास होतोय न होतोय तोच त्याच ट्रॅकवर हॉलबर्गनं ५००० जिंकली, अजून तीन फेऱ्या बाकी असताना पुढे निघून. २४ लाखांचा देश, एका संध्याकाळी दोन गोल्ड.

मिल्खा सिंग आणि स्नेल एकमेकांविरुद्ध पळले का?

नाही, इव्हेंट वेगळे. पण स्टेडियम तेच. मिल्खाची चौथ्या नंबरची ती प्रसिद्ध ४०० ची फायनल ६ सप्टेंबरला झाली, स्नेलच्या रेसनंतर चारच दिवसांनी.

गवतावर वर्ल्ड रेकॉर्ड? खरंच?

खरंच. २७ जानेवारी १९६२, वांगानुई गाव, कुक्स गार्डन्स मैदान. ठरवलं एवढंच होतं की न्यूझीलंडच्या भूमीवर कुणीतरी पहिल्यांदा चार मिनिटांच्या आत मैल पळून दाखवावा. ट्रॅक गवताचा, आणि नेहमीच्या ४४० यार्डांचाही नाही, त्याहून लहान, त्यामुळे मैलाला चारऐवजी साडेचारहून थोड्या जास्त फेऱ्या आणि वळणंही जास्त. इंग्लंडचा ब्रूस टुलो (अनवाणी पळण्यासाठी प्रसिद्ध असलेला तो) पुढे होता, शेवटच्या टप्प्यात स्नेलनं गिअर टाकला आणि घड्याळ थांबलं ३:५४.४ वर. ऑस्ट्रेलियाच्या हर्ब एलियटचा रेकॉर्ड होता ३:५४.५. एक दशांश सेकंदानं गेला. गावातले लोक चार मिनिटांचा मैल बघायला आले होते आणि वर्ल्ड रेकॉर्ड बघून घरी गेले.

पण माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी रेस ही नव्हेच. ती झाली बरोब्बर एका आठवड्यानं, ३ फेब्रुवारीला, क्राइस्टचर्चच्या लँकेस्टर पार्कवर, पुन्हा गवत. ८०० मीटर १:४४.३ आणि तसंच पुढे पळत ८८० यार्ड १:४५.१, एकाच रेसमध्ये दोन वर्ल्ड रेकॉर्ड. ८०० चा आधीचा रेकॉर्ड १:४५.७ होता. १.४ सेकंद! या इव्हेंटमध्ये लोक दशांश-दशांश करून रेकॉर्ड पुढे नेतात. वरून गवत, जिथे प्रत्येक पावलाला जमीन थोडी ऊर्जा गिळते.

ते रेकॉर्ड किती टिकले?

मैलाचा त्यानं स्वतःच नोव्हेंबर १९६४ मध्ये ऑकलंडला ३:५४.१ करून सुधारला, पुढच्या वर्षी फ्रान्सच्या मिशेल झाझीनं तो घेतला. ८०० चा १:४४.३ मात्र चिवट निघाला. १९६८ ला मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या राल्फ डूबेलनं त्याची बरोबरी केली, प्रत्यक्ष मोडला १९७३ ला इटलीच्या मार्सेलो फियास्कोनारोनं.

न्यूझीलंडचा राष्ट्रीय रेकॉर्ड म्हणून तर तो २०२४ पर्यंत उभा होता. बासष्ट वर्षं. सिंथेटिक ट्रॅक आले, शूज बदलले, आणि शेवटी जेम्स प्रेस्टननं तो काढला. आपल्याकडेही अशीच एक केस आहे: श्रीराम सिंगनं १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिक फायनलमध्ये १:४५.७७ काढले होते, तो राष्ट्रीय रेकॉर्ड जिन्सन जॉन्सननं २०१८ ला मोडला. असं कुठे दिसलं की "केवढा महान खेळाडू" असं म्हणताना मधल्या पिढ्यांचं काय झालं हेही विचारायला हवं.

टोकियोचं डबल एवढं स्पेशल का?

कारण पुरुषांमध्ये ऑलिंपिकला ८०० आणि १५०० दोन्ही एकत्र जिंकणारा त्याच्या आधीचा माणूस १९२० चा अल्बर्ट हिल, आणि त्याच्यानंतर आजवर कुणीच नाही. को, ओव्हेट, क्रॅम, एल गरूज, नंतरच्या या मोठमोठ्या मिडल डिस्टन्सवाल्यांपैकी कुणीच नाही.

आठ दिवसांत सहा रेस. १६ ऑक्टोबरला ८०० ची फायनल, तिथे तो मध्येच घोळक्यात अडकला होता, मागे येऊन बाहेरून लांबचा रस्ता घेत सगळ्यांना ओलांडून गेला, १:४५.१, ऑलिंपिक रेकॉर्ड. कॅनडाचा बिल क्रोदर्स दुसरा, विल्सन किप्रुगुट तिसरा, आणि हे ब्राँझ म्हणजे केनियाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक मेडल, म्हणजे पुढच्या साठ वर्षांच्या मिडल डिस्टन्सची नांदी याच रेसमध्ये झाली म्हणायची. मग २१ ला १५००. तिथेही अडकला, तर चक्क हातानं इशारा केला आणि पुढच्यानं वाट दिली. त्यानंतर जे निघाला ते शेवटी बाकीचे दहा-एक मीटर मागे. टाइम ३:३८.१. तिसरा जॉन डेव्हिस, तोही न्यूझीलंडचा आणि तोही लिडियार्डचाच चेला.

यात पैसे किती कमावले?

रेसमधून शून्य, तो हौशी खेळाडूंचा जमाना होता, पैसे घेतले की बाद. नोकरी करायची आणि रजा काढून पळायचं. गंमत म्हणजे नंतर त्याची नोकरी होती रॉथमन्स या सिगारेट कंपनीच्या क्रीडा-प्रसार विभागात. आज वाचताना विचित्र वाटतं, तेव्हा कुणालाच काही वाटायचं नाही.

२६ व्या वर्षी का थांबला? दुखापत?

दुखापत असं नाही. टोकियोनंतर नोव्हेंबरमध्ये १००० मीटरचा रेकॉर्ड केला (२:१६.६), पाचच दिवसांनी मैलाचा, आणि १९६५ च्या टूरवर हरायला लागला. लग्न झालेलं, पळण्याचे पैसे नाहीत, जिंकायचं म्हणावं असं काही उरलेलं नाही. आणि ते १०० मैल दर वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे असतात, हे बाहेरून रेस बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मला तरी त्याचा निर्णय पटतो. बरेच जण म्हणतात अजून चार वर्षं पळला असता तर, पण १९६८ चं ऑलिंपिक मेक्सिकोला होतं, समुद्रसपाटीपासून २२०० मीटरवर, तिथे समुद्रकाठच्या माणसाचं १५०० ला काय झालं असतं कुणास ठाऊक.

नंतर काय केलं?

इथे आपल्याकडचे लोक थक्क होतात. कॉमेंटरी, राजकारण, जाहिराती असलं काही नाही. हा माणूस सत्तरच्या दशकात, तिशी उलटल्यावर, अमेरिकेत जाऊन परत कॉलेजात बसला. कॅलिफोर्नियात डेव्हिसला बीएससी, वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतून एक्सरसाइज फिजिऑलॉजीत पीएचडी, आणि १९८१ पासून डॅलसच्या टेक्सास साउथवेस्टर्न मेडिकल सेंटरमध्ये रिसर्च. अमेरिकेत त्याच्या शेजाऱ्यांनासुद्धा बऱ्याचदा माहीत नसायचं हा कोण आहे ते, आणि त्यालाही ते बरंच वाटायचं म्हणे.

स्पर्धेचा किडा मात्र गेला नाही. नकाशा हातात घेऊन जंगलात पळायचा ओरिएंटियरिंग नावाचा खेळ धरला आणि त्यात ६५ वर्षांवरच्या गटात अमेरिकेचा चॅम्पियन झाला. मग टेबल टेनिस, २०१७ ला ऑकलंडच्या वर्ल्ड मास्टर्स गेम्समध्ये खेळला तेव्हा ७८ वर्षांचा होता. २००९ मध्ये सर पीटर झाला. १२ डिसेंबर २०१९ ला डॅलसमध्ये राहत्या घरी गेला, ८१ व्या वाढदिवसाला पाच दिवस बाकी होते.

स्नेल मोठा की रुडिशा?

केनियाच्या डेव्हिड रुडिशाचा ८०० चा वर्ल्ड रेकॉर्ड १:४०.९१, म्हणजे घड्याळाचा वाद नाहीच. पण रुडिशाला कुणी गवतावर पळवून बघितलेलं नाही. पुढचा प्रश्न.

मी ऑफिस करून हाफ मॅरेथॉन पळतो, मला यातून काय घेता येईल?

१०० मैल नाही, कृपा करा. दर सीझनला कुणी ना कुणी हा आकडा वाचून एकदम मायलेज वाढवतं आणि मग दुखरी नडगी धरून बसतं.

क्रम घ्या. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते, तर तिथून उलटं मोजा. पावसाळाभर आरामात दम न लागता पळून आठवड्याचे किलोमीटर हळूहळू वाढवा, आठवड्यातून एक लांब रन कधीच चुकवू नका. पाऊस ओसरला की चढ, पुण्यातले असाल तर सिंहगडचा रस्ता आहेच. शेवटच्या दीड-दोन महिन्यांत स्पीड. आपल्याकडे बरोब्बर उलटं चालतं, जुलैत उत्साहानं इंटर्व्हल आणि डिसेंबरात घाबरून लांब रन. तसंही जॉगिंगची लाट आली ती याच लिडियार्डमुळे: त्यानं १९६२ च्या सुमारास ऑकलंडमध्ये हृदयविकाराच्या पेशंटना आणि सुटलेल्या पोटांच्या बिझनेसमनना पळायला लावलं, ते अमेरिकेहून आलेल्या बिल बॉवरमन नावाच्या कोचनं बघितलं, घरी नेलं, आणि हेच बॉवरमन पुढे नाइकीचे सहसंस्थापक.

माझी मुलगी १४ वर्षांची आहे, ८०० पळते, तिला वायाटारुआसारखं लांब पळवू का?

नको. स्नेल १९ व्या वर्षापर्यंत टेनिस, हॉकी सगळं खेळत होता हे वर वाचलंत ना. खेळू द्या तिला.

न्यूझीलंडमध्ये आता कुणी आहे का त्या तोडीचं?

परंपरा कधी तुटलीच नाही. स्नेलच्या आधी १९३६ ला बर्लिनमध्ये जॅक लव्हलॉकनं १५०० जिंकली होती, नंतर जॉन वॉकर (१९७५ ला मैल पहिल्यांदा ३:५० च्या आत, १९७६ ला ऑलिंपिक गोल्ड), मग निक विलिस, १५०० ला दोन ऑलिंपिक मेडल. आणि २०२५ ला टोकियोतच जॉर्डी बीमिश ३००० मीटर स्टीपलचेसचा (अडथळ्यांच्या शर्यतीचा) वर्ल्ड चॅम्पियन झाला. आपल्या बीडच्या अविनाश साबळेचा इव्हेंट तोच. बीमिश हीटमध्ये पडला होता, दुसऱ्याच्या स्पाइक्सचा पाय तोंडावर पडला, आणि फायनलमध्ये शेवटच्या काही मीटरमध्ये मोरोक्कोच्या एल बक्कालीला गाठलं. व्हिडिओ शोधून बघा.

तिकडे गेलो तर बघण्यासारखं काही आहे का?

ओपुनाकेत त्याचा पळतानाचा पुतळा आहे, वांगानुईच्या कुक्स गार्डन्सवर दुसरा. दोन्ही नॉर्थ आयलंडच्या पश्चिम बाजूला, गाडी असेल तर एका दिवसात आरामात होतात. कुक्स गार्डन्सवर आता सिंथेटिक ट्रॅक आहे, गवत शोधू नका. वायाटारुआची फेरी मात्र ऑकलंडचे पळणारे लोक अजूनही करतात, चढ तेवढाच आहे, पाणी बरोबर ठेवा आणि सकाळी लवकर निघा.